बाबांना दिलेली मूळ संख्या

माझ्या वडिलांना मी एक संख्या दिली होती आणि सांगितलं होतं, हिचे दोन अवयव आहेत, शोधून काढा. संख्या होती १२३४५६७८९१. तिला अवयव नाहीत. एक आणि ती स्वतः सोडली, तर कुठल्याच संख्येने तिला भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे, आणि हे मला देतानाच माहीत होतं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. भावाचं वर्ध्याचं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं, आणि माझं हुडकेश्वरचं घर नवं, ऐसपैस. माझा नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला असतो, शनिवारी येतो. समोरच्या खोलीत मी नववी-दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. फळा, तीन बाकडी, एक कूलर. याच शिकवणीवर घराचा वरचा मजला चढला.

बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. चौथीत मी त्यांच्याच वर्गात होते. त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं की मास्तर पोरीची बाजू घेत नाही, म्हणून मला इतरांपेक्षा जास्त मार पडायचा. एकदा भागाकार करताना माझी बाकी भाजकापेक्षा मोठी आली. सातने भागलं होतं आणि बाकी नऊ. त्यांनी मला पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावली आणि शाळेच्या इतर तिन्ही वर्गांसमोरून फिरवलं. "पाहा रे, ही मास्तरची पोरगी. सातनं भागते अन् नऊ बाकी ठेवते." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'बाकी' ठेवलं. शाळेत तर झालंच, घरीही. "बाकी, पाणी आन." "बाकी जेवली काय?" आईने पुष्कळ सांगून पाहिलं. दहावीत मला गणितात जिल्ह्यात पहिल्या काही मुलांमध्ये गुण पडले तेव्हाही ते म्हणाले, "बाकीनं बरं केलं." पुढे मी गणितातच एम.एस्सी. केलं. आता वाटतं, तेही मी त्यांच्या नाकावर टिच्चून केलं असावं.

माझ्याकडे आल्यावर महिनाभर ते गप्प होते. मग शिकवणीच्या वेळी दारात खुर्ची टाकून बसू लागले. मी फळ्यावर काही लिहिलं की मागून आवाज यायचा, "हळू सांग वं, पोराइले समजून नाही राहिलं." कधी मुलांना म्हणायचे, "तुमच्या मॅडमले चौथीत भागाकार येत नव्हता." मुलं हसायची. मीही हसायचे, दुसरं काय करणार? एका मुलाची आई येऊन म्हणाली, "तुमचे वडील मुलांना मठ्ठ म्हणतात, त्याला यायचं नाही आता." तो मुलगा गेला, त्याच्या मागे त्याचा मित्र गेला.

एप्रिलमधली गोष्ट. सुट्टीतली पहिली बॅच होती. मी आत कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. परत आले तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाकी मॅडम'. मुलं खाली माना घालून बसली होती आणि बाबा दारात मांडीवर थापट मारत हसत होते. "मीच सांगतलं त्याइले. काहून, खोटं आहे काय?"

मी फळा पुसला, तास पूर्ण केला, मुलांना सोडलं. मग एका कागदावर ती संख्या लिहून बाबांसमोर ठेवली.

"हे काय?"

"एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव. हिचे दोन अवयव आहेत. आमच्या कॉलेजात कोणालेच हातानं काढता आले नव्हते. तुम्ही काढून दाखवा."

त्यांनी चष्मा पुसला. कागद जवळ धरला. "एकापासून नऊ अन् पुन्हा एक. मोठी मजेची आहे." मग लगेच, "मोबाईल नाही लागत मले."

"मोबाईलनं केलं तर त्यात काय मास्तरकी?" मी म्हणाले. बाबा गळाला लागले हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला फार बरं वाटलं.

बाबांना गणित येत होतं, हे मला मान्य करायला हवं. त्यांनी मला काही विचारलं नाही. दोनने भाग जात नाही, शेवटी एक आहे. पाचने नाही. सगळे अंक मिळवले तर शेहेचाळीस, म्हणजे तीननेही नाही. मग त्यांनी जुन्या पद्धतीने, दोन-दोन अंकांचे गट पाडून, वर्गमूळ काढलं. पस्तीस हजार एकशे छत्तीस आणि वर थोडं. दोन अवयव असतील तर त्यातला लहान याच्या आत सापडलाच पाहिजे. दोन्ही याच्याहून मोठे असतील तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. मी हे दहावीच्या मुलांना समजावताना दोन तास घालवते. ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत केलं.

याच्या पुढचं काम मात्र मजुरीचं होतं. पस्तीस हजार एकशे छत्तीसच्या आत जितक्या मूळ संख्या आहेत, तितक्यांनी एकेक करून भागून पाहायचं. त्या पावणेचार हजारांच्या घरात आहेत. संगणकाला यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. बाबांनी आधी तीन आठवडे घालवून मूळ संख्यांची यादीच तयार केली. सगळे आकडे लिहायचे, मग तीनच्या पटीतले खोडायचे, पाचच्या, सातच्या, असं चाळत जायचं. मग दोनशे पानी वह्या आणल्या आणि पहिल्या पानावर सातने भागायला सुरुवात केली. बाकी चार. अकराने, बाकी सात. तेराने अकरा. सतरानेही अकरा.

माझं घर शांत झालं. बाबा मागच्या खोलीत टेबलाशी बसायचे, सकाळी आठ ते बारा आणि दुपारी चारनंतर. दिवसाला दहा-बारा भागाकार. दारातली खुर्ची मी गच्चीवर नेऊन ठेवली. सोडून गेलेल्यांपैकी एक मुलगा परत आला. नवरा म्हणाला, "बाबांना चांगला विरंगुळा दिलास." मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "हे बरोबर नाही." पण त्यानेही बाबांना सांगितलं नाही. घरातली शांतता त्यालाही हवी होती.

जुलैत एक दिवस भर तासात बाबा वही घेऊन वर्गात आले. "सापडला! चार हजार पाचशे तेरा. बाकी शून्य." मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वही सगळ्यांना दाखवली. मी ती त्यांच्याकडून घेतली. भागाकार आला होता दोन लाख त्र्याहत्तर हजार पाचशे अठ्ठावन्न.

मी त्यांना मागच्या खोलीत नेऊन सांगू शकले असते. मी खडू उचलला.

"मुलांनो, आजोबांच्या उत्तराचा शेवटचा अंक काय आहे?"

"आठ, मॅडम."

"आठ सम की विषम?"

"सम."

"सम संख्येने कशालाही गुणलं तर काय येईल?"

"सम."

"आणि आजोबांच्या संख्येच्या शेवटी?"

एक, असं सगळे एकदम ओरडले. मग हसू फुटलं. कोणीतरी मागून म्हणालं, "हे तर पाचवीचं आहे." बाबा फळ्याकडे पाहत राहिले. शेवटच्या वजाबाकीत त्यांच्या हातून सहाशे सदतीस गळाले होते. त्यांनी वही मागितली, मी दिली, आणि ते पाठमोरे होऊन आत गेले. मला कुठेतरी खूप खोल, जुन्या जागी गार वाटलं. मी ते इथे लिहिते, कारण ते खरं आहे.

थंडी संपता संपता त्यांचा डावा डोळा धूसर झाला. प्रताप नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पिकलेला. डॉक्टर म्हणाले, या महिन्यात करून टाका. बाबा म्हणाले, "माया हातचं काम झालं का मंग करू." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी समजावेल, असं त्यांना वाटलं असणार. मी म्हणाले, "त्यांची इच्छा." रिक्षात बसताना बाबांनी माझा हात धरला, पायरी दिसत नव्हती म्हणून.

त्यानंतर ते वहीत नाक खुपसून लिहू लागले. आकडे मोठे झाले, ओळी तिरप्या जाऊ लागल्या. भाजक आता पाच अंकी होते. एका भागाकाराला कधी पाऊण तास लागायचा. मी चहा ठेवून निघून यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "आहे ना गा नक्की? अवयव?" मला ते 'गा' म्हणाले, पुरुषाला म्हणतात तसं. चौकशी बरोबरीच्या माणसाकडे करावी तशी होती. मी म्हणाले, "आहे, बाबा."

जूनमध्ये ते दहावी वही घेऊन स्वयंपाकघरात आले. मी भाजी चिरत होते.

"पस्तीस हजार एकशे एकोणतीस झालं. त्याच्या पुढची छत्तीसच्या वर जाते. सरलं."

"मग?"

"नाही गेला भाग. कोणाचाच नाही गेला."

ही सांगायची वेळ होती. चौदा महिने झाले होते. मी म्हणू शकले असते, बाबा, तुम्ही एक मोठी गोष्ट केली, ही संख्या मूळ आहे हे तुम्ही एकट्याने, पेन्सिलीने दाखवलं. मी म्हणाले, "मग कुठं तरी चुकलं असन तुमचं."

"माझं?"

"नाही तर कोणाचं? भागाकारात चूक झाली की अवयव निसटतो."

ते ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. चवथीच्या पोरासारखा चुकलो असन." आत गेले. संध्याकाळी मी पाहिलं तर नवी वही उघडलेली होती आणि वर लिहिलं होतं, सात.

त्यांना खरं कळलं ते माझ्या एका विद्यार्थिनीकडून. दहावीतली मुलगी होती, तास सुटल्यावर बाबांकडे जाऊन बसायची. तिला बाबांची पाढे म्हणायची लय आवडायची. बाबा तिला कधी मठ्ठ म्हणाले नाहीत. सप्टेंबरमध्ये तिने सहज ती संख्या मोबाईलवर टाकली आणि तिथूनच ओरडली, "आजोबा, ही तर मूळ संख्या आहे! हिला अवयवच नाहीत."

मी दारात येईपर्यंत बाबांनी तिला दोनदा तेच वाचायला लावलं होतं. मुलगी माझं तोंड पाहून दप्तर उचलून निघून गेली.

"तुले माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं आता हात उठेल. एक्क्याऐंशी वर्षांचा हात, पण मी तरीही एक पाऊल मागे सरले. त्यांनी टेबलावरच्या पहिल्या फेऱ्याच्या दहा वह्या एकावर एक नीट लावल्या. मग त्यांनी जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती.

"मंग माया पहिला फेरा बरोबर होता ना? कोणाचाच भाग जात नव्हता, अन् मले कोणाचाच गेला नाही. मंग मी सिद्ध केलं ना वं?"

त्यांचा चेहरा उजळला होता. फसवणूक त्यांनी बाजूला ठेवली होती. त्यांना फक्त एवढं हवं होतं की मी, गणितात एम.एस्सी. झालेली, हो म्हणावं.

आणि गणित माझ्या बाजूने होतं. मी म्हणाले, "असं होत नाही, बाबा. भागाकार चुकला तरी बाकी शून्य येत नाहीच बहुतेक. पाच यायच्या ठिकाणी आठ आली, तरी भाग गेला नाही एवढंच दिसतं. उत्तर बरोबर आलं म्हणजे तुमचं काम बरोबर झालं असं नाही. ही संख्या मूळ आहे म्हणून तुम्ही वाचले. अवयव असता तर तुमच्या हातून निसटलाही असता."

"मंग तपास."

मी पहिली वही घेतली आणि मधूनच उघडली. दोनशे अकराने भागलं होतं. शेवटची पायरी पाचशे एकसष्टमधून चारशे बावीस. त्यांनी लिहिलं होतं एकशे एकोणपन्नास.

"एकशे एकोणचाळीस पाहिजे. उसना घेतलेला दहा विसरले तुम्ही." मी बोट ठेवून दाखवलं. "तिसरीची वजाबाकी आहे."

बाबांनी वही डोळ्यांपाशी नेली, पण त्यांना ते नीट दिसत नव्हतं. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवावा लागला. त्यांनी मान हलवली. त्याच आठवड्यात त्यांनी भावाला फोन करून बोलावून घेतलं. जाताना वह्या नेल्या नाहीत. माझ्याशी तेव्हा काही बोलले नाहीत, शिवीही दिली नाही.

भावाने वर्ध्यात महिन्याच्या आत दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. मला फोनवर म्हणाला, "इतका पिकला होता मोतीबिंदू, तुला दिसलं कसं नाही?" मी म्हणाले, बाबाच तयार नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत, शिकवणी बंद असताना, मी त्या वह्या काढल्या. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पश्चात्ताप म्हणावा तर हातात लाल पेन होता. संगणकावर सगळ्या बाक्या काढून घेतल्या आणि बाबांच्या वहीतला एकेक आकडा टाकून ताडून पाहिला. पंधरा दिवस गेले. पहिल्या पाच वह्यांमध्ये अगदी थोड्या चुका होत्या. सातव्या वहीपासून, म्हणजे डोळा गेल्यापासून, पानागणिक. सगळ्या मिळून दोनशे अडुसष्ट. मी यादी केली.

जानेवारीत वर्ध्याला गेले. बाबा अंगणात उन्हात बसून पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. वहिनीने खुर्ची आणून दिली. मग त्यांनी पेपर खाली ठेवला.

"वह्या तपासल्या?"

"हो."

"किती निघाल्या?"

यादी माझ्या पर्समध्ये होती. पण ते त्या उन्हात इतके लहान दिसत होते, स्वेटरच्या आत हरवल्यासारखे, की मी ठरवलेलं सगळं विसरले. "एकही नाही, बाबा. सगळं बरोबर होतं."

ते हसले. चांगलं हसू नव्हतं ते. "दोनशे अकरा तूच दाखवली होती ना? बोट ठेवून? मंग एकही नाही कशी?"

माझा हात पर्सवर गेला.

"खोटं बोलाले बी हिसाब लागते," ते म्हणाले. "खरं सांग."

"दोनशे अडुसष्ट."

"कोणत्या वहीपासून वाढल्या?"

"सातव्या."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरनं सांगतलं तवा तू म्हणाली, त्यांची इच्छा. मी आंधळा होऊन राहिलो होतो अन् तू चहा ठेवून जात होती."

"हो," मी म्हणाले.

"बरं. यादी ठेवून जा."

मी यादी आणि गाडीत आणलेल्या वह्या ठेवल्या. वहिनीने जेवून जायचा आग्रह केला. बाबा जेवायला माझ्यासोबत बसले नाहीत.

दोन महिन्यांनी भावाचा फोन आला. बाबा शेजारीच होते, मागून एकेक शब्द सांगत होते आणि भाऊ तो पुढे ढकलत होता. "बाबा म्हणतात, तुझ्या यादीतल्या तीन चुका खोट्या आहेत. त्यांनी ते भागाकार पुन्हा केले. त्यांच्या वहीत बरोबर होते. म्हणतात, तिले म्हणा, तिनं माया एकाचा नऊ वाचला."

मी म्हणाले, बघते.

वह्यांचे फोटो काढून ठेवले होते, ते उघडले. तिन्ही ठिकाणी बाबांनी एक लिहिला होता, त्याच्या वरच्या गाठीची रेघ डोळा अधू असल्यामुळे लांबली होती, आणि मी घाईत नऊ टाकला होता. बाक्या पुन्हा काढल्या. तिन्ही बाबांच्याच बरोबर होत्या.

त्या गोष्टीला आता वर्ष होईल. भाऊ दर रविवारी फोन करतो आणि शेवटी विचारतो, "बाबा विचारून राहिले, तपासलं काय तिनं?" मी म्हणते, अजून वेळ मिळाला नाही.